बावीस इंचांचा रीथ

मोठीला सगळं काही सहन व्हायचं, धाकट्या जावेचं कौतुक सोडून. ते कानावर पडलं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बाई शिवणकाम करायची. जुन्या कोटांची अस्तरं बदलणं, पँटी आखूड करणं, यात तिचा हात धरणारं आजूबाजूला कोणी नव्हतं. पण कौतुक कोणाचं? धाकटीचं!

इमारत एकच. सासूबाई तळमजल्यावर, धाकटी दुसऱ्या मजल्यावर आणि मोठी तिसऱ्यावर. सासूबाईंचे गुडघे कामातून गेले होते, त्या वर्षातून एकदाच जिना चढायच्या, नाताळच्या दुपारी. ज्या सुनेकडे त्या बसतील तिच्याकडे सगळ्या घराचं जेवण, असा घरचा शिरस्ता. आणि सहा वर्षं त्या धाकटीकडेच बसत होत्या.

"तिच्या दारावरचा रीथ बघूनच पाय आत वळतात," असं त्या एकदा सहज म्हणाल्या होत्या. झालं! मोठीने ते मनात धरलं ते धरलंच. हिरव्या डहाळ्यांच्या एका गोल तोरणासाठी सासू आपल्याला विसरते म्हणजे काय?

यंदा तिने चंगच बांधला. धाकटी कामावर गेल्यावर गळ्यातली टेप घेऊन ही खाली उतरली आणि तिच्या दारावरचा रीथ मोजून आली. बरोबर वीस इंच. तशीच तडक फुलवाल्याकडे.

"बावीस इंची आहे?"

"आहे, पण फार भरगच्च आहे, ताई. हा बघा लहानसा, लाल बोरांचा. दार केवढं आहे तुमचं?"

"दाराचं सोडा हो. बावीस द्या."

दुसऱ्याच्या मापाचे कपडे अंगाला बसत नाहीत, असं गिऱ्हाइकांना रोज सुनावणारी बाई ही! फुलवाल्याने खांदे उडवले आणि रीथ कागदात गुंडाळून दिला.

दाराला नवा रंग लावलेला, खिळा कोण ठोकणार? तिने तो दाराच्या मधोमध असलेल्या, बाहेरून वाजवायच्या पितळी कडीलाच अडकवला. कडी पार झाकून गेली, पण रीथ कसा भरदार दिसत होता! येताजाता तिने तो चार वेळा न्याहाळला. आता जळू दे म्हणावं मेलीला.

नाताळच्या दुपारी कोंबडी भाजून तयार, टेबल मांडलेलं, आणि ही केस विंचरून दाराआड उभी.

"अगं, उघडून बघ तरी," नवरा म्हणाला.

"काही नको. वाट बघत बसले होते असं वाटेल. वाजू दे कडी."

कडी वाजली नाही. बाहेर एकदा काहीतरी खसपसलं. वारा असेल, तिला वाटलं. थोड्या वेळाने खालून हसण्याचा आवाज आला आणि सासूबाईंचा खोकला. सातवं वर्ष!

"चल, खाली जाऊ," नवरा पडेल आवाजात म्हणाला. "कोंबडी घे."

"ती कोंबडी तिच्या टेबलावर नेऊ मी? जीव गेला तरी नाही!"

पण जाणं भाग होतं. धाकटीच्या खोलीत सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या आणि धाकटी खाली बसून त्यांचे गुडघे चोळत होती. हिच्या डोळ्यांत ते खुपलं.

"आलीस का, मोठे?" सासूबाई म्हणाल्या. "कुठे गेली होतीस गं? म्हटलं, सहा वर्षं दुसऱ्या मजल्यावरच थांबून गुडघ्यांचे लाड केले, यंदा मोठीकडेच बसायचं. कशीबशी तिसरा मजला चढले. कडी सापडेना, म्हणून थापा मारल्या. सगळा हात त्या डहाळ्यांत रुतला, आवाजच होईना. मग उतरले हळूहळू."

"हाकही मारली नाहीत, आई?" नवऱ्याने विचारलं.

"दम कुठे उरला होता रे?"

धाकटी खाली मान घालून गुडघे चोळतच राहिली. ती बोलली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. मोठी पुढे झाली, तेलाची बाटली तिच्या हातातून घेतली आणि सासूबाईंच्या पायाशी बसली.

"द्या इकडे. मी चोळते."

"हळू गं," सासूबाई कळवळल्या. "आता हे गुडघे पुन्हा तिसरा मजला काही बघायचे नाहीत."