बाचं रागवायचं इंग्रजी

माझा बा मला इंग्रजीत रागवायचा. पालीत त्या काळी इंग्रजी कुणालाच येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर बालाही येत नव्हतं. त्याच्याजवळ आठ-दहा वाक्यं होती, तीही सगळी वयात येणाऱ्या पोराला दटावायची. 'पाणी दे' एवढंसुद्धा त्याला इंग्रजीत म्हणता आलं नसतं.

ही वाक्यं त्यानं मोमिनाबादच्या छावणीतून आणली होती. माझ्या जन्माआधी तो तिथं एका गोऱ्या साहेबाच्या घोड्यांवर कामाला होता. साहेबाला चौदा वर्षांचा मुलगा होता. दुखणाईत म्हणून त्याला विलायतेच्या शाळेत धाडायचं राहून गेलेलं. मडम त्याला दिवसभर रागवायची आणि ते तबेल्यापर्यंत ऐकू यायचं. पुढं साहेबाची बदली झाली, बा गावी परत आला आणि आमच्या आज्यासारखी शेरडं-मेंढरं घेऊन डोंगराला लागला. वाक्यं तेवढी डोक्यात राहिली.

माझं लग्न आठव्या वर्षी झालं होतं. सासर केजचं. नांदायला जायचं बाकी होतं आणि मी चौदाची झाले होते. त्या वर्षी मला एका जागी बसवत नव्हतं. जात्यावर बसले की चार मुठी दळून उठायची, भाकरी तव्यावर टाकून दारात जायची. शेरडं घेऊन नदीकाठानं निघाले की माघारी यायचं भान राहायचं नाही. माय म्हणायची, "तुझ्या पायाला काय चावतंय गं?" काय चावतंय ते मला कळत असतं तर सांगितलं असतं.

मायला उलटून बोलले की बा बाहेरून ओरडायचा, "होल्ड युवर टंग!" एखादं काम सांगितलं आणि मी "कावून?" म्हटलं की "बिकॉज आय सेड सो!" आणि शेरडं कुणाच्या रानात शिरली की बांधावरून हाक यायची, "कम हिअर, यंग मॅन!" हा यंग मॅन म्हणजे काय, ते मला फार छळायचं. वाटायचं, बाभळीवरचं भूत असेल नाहीतर एखादं घाण जनावर. मायला विचारलं तर ती म्हणाली, "घोड्याला आवरायची भाषा हाय ती. तू लक्ष दिऊ नको." पण लक्ष कसं न देणार? शेजारणी भिंतीपलीकडून कान लावायच्या आणि दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर माझ्याकडं बघून हसायच्या. बाप मराठीत शिव्या देतो तेव्हा निदान किती लागलं ते कळतं. मला तेही कळत नव्हतं.

उन्हाळ्याच्या तोंडाला केजहून माझे चुलतसासरे आले. कधी न्यायचं ते ठरवायला आले होते. बानं घोंगडं टाकलं, मी पाणी आणून दिलं आणि दाराशी उभी राहिले. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"पोरीला आत बसायची सवय लावा," ते बाला म्हणाले. "आमच्यात बाया रानोमाळ हिंडत न्हाईत."

"मंग तुमची गुरं कोन वळतं?" मी विचारलं.

मी भांडायला विचारलं नव्हतं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. पण शब्द तोंडातून गेला आणि माय आत कपाळाला हात लावून खाली बसली. पाव्हण्यांच्या मिशा थरथरल्या. बा ताडकन उठला, उजवा हात लांब केला आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असा ओरडला, "गो टू युवर रूम!"

हे वाक्य मी आधी ऐकलेलं नव्हतं. हात दिसला. तो दाराबाहेर रोखलेला होता. बाचा चेहरा कधी नव्हे तो तांबडा झालेला. मी समजले, बापानं मला घरातून काढलं.

मी चपला घातल्या नाहीत. आळीतून खालमानेनं गेले, शेवटचं घर मागं पडल्यावर पळत सुटले. लिंबागणेशला माझी आत्या होती. सहा-सात कोस वाट, ती मी बाबरोबर दोनदा चालले होते. डोंगराच्या वाटेनं जाताना मला रडू येत नव्हतं, राग येत होता. सारखं तेच तोंडात येत होतं, गोटूयुवररूम, गोटूयुवररूम. पायाखालचे खडे भाजत होते. एका मेंढक्यानं पाणी पाजलं आणि कुठं निघालीस विचारलं. "बापानं हाकलली," मी म्हटलं, आणि ते मोठ्यानं म्हटल्यावर मला एकदम हलकं वाटलं. आता केजलाही जायचं नव्हतं आणि पालीलाही नव्हतं. पण मग कुठं? मी आणखी भरभर चालले.

दिवस मावळता मावळता आत्याच्या दारात पोचले. तिनं काही न विचारता पायाला हळद-तेल लावलं. तिथंही मला बसवेना. सकाळी उठून तिचं अंगण दोनदा झाडलं.

बा दुपारी आला. त्याच्या हातात माझ्या चपला होत्या. घाम पुसत तो भिंतीला टेकला आणि मला म्हणाला, "कावून पळालीस गं?"

"तूच हाकललंस की."

"म्या? कवा?"

"हात करून सांगितलंस. गोटूयुवररूम."

बानं हातातल्या चपला माझ्या पायाशी ठेवल्या. मग हळू आवाजात म्हणाला, "अगं, त्याचा अर्थ आपल्या खोलीत जा. साहेबाच्या पोराला निराळी खोली व्हती. मडम असाच हात करून बोलली की त्यो आत जायचा, दार आपटायचा. घटकाभरानं समदं शांत."

"आपल्याला खोली कुठं हाय?"

"न्हाईच. तोंडातून गेलं."

आत्या खळखळून हसली. मला हसू आलं नाही. माझे पाय सुजले होते.

त्या दिवशी आम्ही परतलो नाही. दुसऱ्या सकाळी निघालो आणि वाटेत मी एकेक वाक्य काढून विचारत गेले. होल्ड युवर टंग म्हणजे जीभ धर, म्हणजे गप बस. बिकॉज आय सेड सो म्हणजे मी म्हणते म्हणून. "त्याचा खरा अर्थ असा," बा म्हणाला, "की कारण सांगून सांगून मडम दमलीया."

"आन यंग मॅन?"

बा जरा ओशाळला. "तरणा गडी."

"मी?"

"त्या पोराला म्हनायची ती. मला वाक्य सुटं करता येईना, तसंच उचललं."

मी वाटेत थांबले. इतकी वर्षं बा बांधावरून मला 'ये रे गड्या' अशी हाक मारत होता आणि मी भुताला भ्यावं तशी भीत होते. का कोण जाणे, पण ते मला आवडलं. मी त्याला तसं सांगितलं नाही.

"पन मला मराठीत कावून न्हाई रागवत तू?"

तो म्हणाला, "पोरीला बापानं काय म्हन्लं ते चार घरं ऐकतात. त्येच सासरी जातं. शब्द जन्मभर निघत न्हाई. हे कुनाला कळत न्हाई, मंग जाईल कुठं?"

पाव्हण्यांना त्यानं सांगितलं होतं की पोरीला आत्याला बोलवायला धाडलं. इंग्रजी ऐकून ते इतके दबले होते की काही विचारलंच नाही. बा म्हणाला तसं न्यायचं एक वर्ष पुढं ढकललं गेलं.

घरी आल्यावर बानं शेरडांच्या वाड्याच्या कोपऱ्यात मातीची आडभिंत घालायला घेतली. माय म्हणाली, "हे कशापायी?" तो म्हणाला, "तिला खोली." चार हात लांब, तीन हात रुंद. दाराऐवजी तरट. पहिल्यांदा मी आत जाऊन बसले तेव्हा बाहेर बाचे पाय दिसले. तरटावर टकटक करता येत नाही, म्हणून त्यानं बाजूच्या लाकडी मेढीवर बोटं वाजवली. "येऊ का?" त्यानं विचारलं. मडम तसं करायची म्हणे. मला तोवर कुणी 'येऊ का' असं विचारलं नव्हतं. मीच बाहेर आले. तशी त्या खोलीतही मी फार काळ कधी टिकले नाही.

पुष्कळ वर्षांनी माझा मुलगा शाळेत इंग्रजी शिकला तेव्हा मी बाचे अर्थ त्याच्याकडून तपासून घेतले. बहुतेक बरोबर निघाले. एकच चुकला. 'बिहेव युवरसेल्फ' म्हणजे आंघोळ कर, असं बानं मला शिकवलं होतं, कारण पाहुणे यायच्या आधी मडम तसं म्हणायची आणि पोरगा केस विंचरून बाहेर यायचा. त्याचा अर्थ नीट वाग असा आहे. मी निमूट आंघोळी करत राहिले होते.

खोली बांधली त्याच्या पुढच्या वर्षी मला न्यायला केजहून गाडी आली. माझा नवरा सोबत होता. आम्ही एकमेकांना नीट पाहिलेलंही नव्हतं. बा मांजरसुंब्यापर्यंत गाडीबरोबर चालला आणि शेरडं एकटी आहेत म्हणून तिथून मागं फिरला. मी गाडीत ह्या कुशीवरून त्या कुशीवर होत होते, सारखी बाहेर डोकावत होते.

"बसवत न्हाई का?" नवऱ्यानं विचारलं.

"न्हाई."

त्यानं गाडीवानाला गाडी थांबवायला सांगितली आणि आधी स्वतः खाली उडी मारली. "मंग चल चालत," तो म्हणाला. नेकनूर दिसेपर्यंत आम्ही दोघं गाडीच्या मागं मागं चालत गेलो.