न विचारता मिळालेली दोन तिकिटं

भुतंखेतं, दृष्ट, शकुन-अपशकुन यांवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. मी शाळेत गणित शिकवतो. आपल्या मासिकात मागे एका गृहस्थांनी पिंपळावरच्या मुंज्याची हकीकत लिहिली होती, ती मी मित्रमंडळींना मोठ्याने वाचून दाखवून मनसोक्त हसलो होतो. तेव्हा आता माझ्यावर कोणी हसलं तर मला तक्रार करायला तोंड नाही. जे घडलं ते घडलं तसं लिहितो, उगाच मीठमसाला लावत नाही.

मी गोव्याचा, म्हणजे पोर्तुगीज सरकारची प्रजा. इंग्रजी मुलूख आम्हांला परकाच. राज्य वेगळं, नाणं वेगळं, कायदेकानू वेगळे. ही गोष्ट घडली तेव्हा आमच्याकडे आगगाडी आलेली नव्हती, त्यामुळे तिकीट कसं काढतात हे मी फक्त ऐकून होतो.

माझ्या आत्याची एकुलती एक मुलगी दुर्गी. तिचा नवरा पुण्याला रेल्वेत कारकून. दुर्गीला दिवस गेले होते आणि नववा महिना भरत आला तसा तिला ताप येऊ लागला होता. पुण्याहून आलेल्या आमच्या एका गाववाल्याने निरोप आणला — "पोरीची तब्येत नीट नाही, आईचा धोसा घेतलाय." आत्याने त्याच दिवशी बोचकं बांधलं. तिच्याबरोबर जायला घरात मोकळा पुरुष मी एकटाच!

आत्या विधवा, सोवळ्याओवळ्याची कडक. आगबोटीवर पाण्याची शिवाशिव होते म्हणून ती आगबोटीला तयार होईना. शेवटी ओळखीच्या व्यापाऱ्याचं नारळांनी भरलेलं गलबत कल्याण बंदराला निघालं होतं, त्यात बसलो. आत्या वाटेत देवाकडे एकच मागत होती, "दुर्गी डोळ्यांना दिसू दे." ठाण्याच्या बाजूची मिठागरं मागे पडली, खाडी अरुंद होत गेली आणि आम्ही एकदाचे कल्याणला उतरलो. इथून पुढे पुण्याची गाडी. दुर्गी आता हाकेच्या अंतरावर आहे असं वाटून मला हायसं वाटलं होतं.

पण आमच्या आत्याबाईंचा एक नेम होता. बाहेर निघालेल्या माणसाला "कुठे?" म्हणून विचारायचं नाही. कोणी विचारलंच, तर परत फिरायचं, खाली बसायचं, गूळ खाऊन पाणी प्यायचं आणि मग निघायचं. ही चाल आपल्याकडे घरोघर आहे, मला ठाऊक आहे. पण ती पाळून आगगाडीचं तिकीट काढून दाखवा बघू!

कल्याणची थर्ड क्लासची खिडकी गाडी यायच्या जेमतेम आधी उघडते. मग जी झुंबड उडते ती विचारू नका. कोपरं मारत मी खिडकीशी पोचलो आणि म्हणालो, "दोन तिकिटं द्या."

आतून बुकिंग क्लार्क खेकसला, "कुठे?"

माझ्या पाठीशी उभ्या असलेल्या आत्याने ते ऐकलं. ती वळली, तडक मुसाफिरखान्यात जाऊन फरशीवर बसली आणि बोचकं सोडून गूळ शोधू लागली. गाडी आली आणि गेली. मी संतापाने लाल! ती मात्र शांतपणे म्हणाली, "पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे रे रघू. अपशकुन घेऊन मी तिच्या उशाशी बसू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शहाणपणा केला. क्लार्कने तोंड उघडायच्या आत मोठ्याने म्हणालो, "पुण्याची दोन!" त्या भल्या गृहस्थाने मान वर न करता, निव्वळ सवयीने विचारलं, "कुठे?" ...झालं! पुन्हा मुसाफिरखाना, पुन्हा गूळ. आमचं बोचकं उचलणारा आगरी हमालही कंटाळला. "आजे," तो म्हणाला, "गारी तुजेसाठी थांबनार हाय काय?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. आत्याला नाही नाही ते बोललो. तिकडे दुर्गीचं काय होत असेल आणि तू इथे गूळ खात बस, असंही म्हणालो. आत्याने पदराने डोळे पुसले एवढंच.

दुपारी दोन्ही वाटांच्या गाड्या मागोमाग होत्या. आधी नाशिककडची, मग पुण्याची. या खेपेला आत्या स्वतःच खिडकीशी आली. माझ्या शेजारी उभी राहिली, डोळे घट्ट मिटले आणि दोन्ही कानांत बोटं घातली. ऐकलंच नाही म्हणजे दोष नाही! आजूबाजूचे लोक हसत होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी खिडकीत पैसे ठेवले आणि बोलायला तोंड उघडणार... तोच क्लार्कने दोन तिकिटं ठोकली, भाडं घेऊन बाकीचे पैसे परत सरकवले आणि म्हणाला, "चला, पुढचा!"

त्याने "कुठे?" विचारलं नाही. आणि मी एक अक्षरही बोललो नव्हतो, हे शपथेवर सांगतो.

सकाळी आरडून मागितलं होतं ते त्याच्या लक्षात राहिलं असेल असं मला वाटलं. फाटकावरच्या शिपायाने तिकिटं पाहून उभ्या असलेल्या गाडीकडे बोट दाखवलं. हमाल आत्याला घेऊन पुढे गेला. मी सहज तिकिटावर नजर टाकली. पोर्तुगीज येत असल्यामुळे इंग्रजी अक्षरं मला वाचता येत होती. तिकिटं इगतपुरीची होती!

मी तसाच खिडकीकडे धावलो. "अहो, हे काय दिलंत? आम्हांला पुण्याला जायचंय."

"मग इगतपुरी कशाला सांगितलंत?" क्लार्क म्हणाला.

"मी कुठे सांगितलं?"

"तुम्ही नव्हे हो, तुमच्याबरोबरच्या बाईंनी."

"त्या म्हातारीने? ती तर कानांत बोटं घालून उभी होती."

"त्या नव्हे, दुसऱ्या. त्यांच्याच शेजारी नव्हत्या का उभ्या? पोटुशी बाई, हिरवं लुगडं. आजींच्या खांद्यावर हात ठेवला होता. म्हणाल्या, इगतपुरीची दोन. बोली अगदी तुमच्यासारखीच, हेल काढून." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून तो जरा नरमला. "बरं, आणा इकडे. बदलून देतो."

मी तिकिटं पुढे केली, तेवढ्यात हमालाची हाक आली. आत्या नाशिककडच्या गाडीत जाऊन बसली होती. मी डब्याशी धावलो आणि ओरडलो, "उतर! ही आपली गाडी नव्हे!"

"न विचारता मिळालंय," ती म्हणाली. "मी उतरायची नाही."

"अगं, दुर्गी पुण्याला आहे!"

"मला ठाऊक नाही का? पण मी उतरायची नाही."

शिट्टी झाली. म्हातारीला एकटी सोडणार कशी? चडफडत आत चढलो. क्लार्क काय बोलला ते मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिच्या खुळाला खतपाणीच मिळालं असतं. घाट चढेपर्यंत मी परतीच्या गाडीचाच विचार करत होतो.

इगतपुरीला उतरलो तेव्हा दिवेलागण होत होती. परतीची गाडी कधी, अशी मी चौकशी करत होतो. आमचं बोलणं ऐकून तिथला एक पोर्टर म्हणाला, "तुम्ही त्या नव्या कारकुनाचे का? त्यांच्या घरातही असंच बोलतात. त्यांच्या बायकोचं काही खरं नाही म्हणतात."

त्याने घर दाखवलं तशी आत्या माझ्यापुढे चालू लागली.

दार उघडलं ते दुर्गीच्या नवऱ्याने. आम्हांला पाहून तो जागच्या जागी थिजला. पुण्याहून त्याची नुकतीच तिथे बदली झाली होती आणि आम्हांला धाडलेला निरोप अजून गोव्याला पोचायचा होता. "तुम्हांला कोणी सांगितलं?" एवढंच तो विचारत राहिला. दुर्गीला सकाळपासून शुद्ध नव्हती. दुपार कलल्यावर, म्हणजे आम्ही गाडीत बसल्यानंतर, मुलगी झाली होती. मुलगी ठणठणीत होती.

दुर्गी त्यानंतर दोनच दिवस होती. मधे एकदा तिने डोळे उघडले, आईला ओळखलं आणि पाणी मागितलं. आत्याने तिचं डोकं मांडीवर घेऊन पाजलं. पुण्याला गेलो असतो तर हेही घडलं नसतं.

आता माझं गणित ऐका. गर्दीतल्या दुसऱ्याच एखाद्या बाईने इगतपुरीची दोन तिकिटं मागितली असतील आणि क्लार्कने चुकून ती मला दिली असतील. हिरवं लुगडं हजार बायका नेसतात. ठीक. मग आपली तिकिटं दुसऱ्याने नेली म्हणून त्या बाईने ओरडा का केला नाही? तिची बोली आमची कशी? आणि भूत म्हणावं तर त्या घटकेला दुर्गी जिवंत होती. तिथून कितीतरी कोस दूर, घाटमाथ्यावर, अंथरुणात. मी परतताना त्या क्लार्कला मुद्दाम गाठलं. तो आपल्या शब्दावरून तसूभर हलला नाही. मला अजून याची संगती लावता आलेली नाही. कोणा वाचकाला लागली तर जरूर कळवावी, मी आभारी होईन.

आत्याला मी हे सगळं पुष्कळ महिन्यांनी सांगितलं. नात तिच्या मांडीवर झोपली होती. मला वाटलं, ती म्हणेल, "बघ, मी सांगत नव्हते?" पण तिचा चेहरा एकदम उतरला. बराच वेळ ती मुलीला थोपटत राहिली.

"उभी होती म्हणतोस?" तिने विचारलं. "चांगली आपल्या पायांवर उभी?"

"क्लार्क तसं म्हणाला खरा."

"मी पोचले तेव्हा तिला उठून बसवत नव्हतं रे," आत्या म्हणाली. "आणि तिथे खिडकीशी माझ्या शेजारी उभी होती, तर मी डोळे मिटून घेतले होते."