माळाला पडीक म्हणायला नकार

"इथे सही करा, की संपलं," साने सरांनी रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. पहिल्याच ओळीत होतं, 'लोणी काळभोरजवळची पडीक जमीन.' मी पेन उचललंच नाही.

मी वनस्पतितज्ज्ञ. साने सरांच्या कन्सल्टन्सीत वर्षाच्या करारावर होते. एका आयटी कंपनीला त्या माळावर दाट जंगल लावायचं होतं, आणि माझ्या सहीशिवाय त्यांचं बोर्ड मंजुरी देत नव्हतं.

माळ पडीक कुणी ठरवला? मे महिन्यात काढलेल्या फोटोंनी. मेमध्ये गवत वाळणारच! सह्याद्री ढगांतलं बरंचसं पाणी घाटावरच उतरवून घेतो. पूर्वेला उरतो तो थोडका पाऊस, आणि पुढे सात-आठ महिने कोरडे. एवढ्यावर दाट जंगल उभं राहत नाही. गवत टिकतं, मधूनमधून बोर-बाभूळ. हवामानाने घडवलेल्या अशा सजीवांच्या मोठ्या पसाऱ्याला बायोम म्हणतात. वाळवंट हा एक बायोम, सदाहरित जंगल हा दुसरा, तसा आपला गवताळ माळही. जंगल व्हायचं राहून गेलेली जागा नव्हे ती.

हे सांगून कुणाला पटेना. म्हणून मी माळावर जाऊन कुसळी गवताचा एक वाळका झुबका मुळांसकट खणून काढला. तिथे मेंढरं चारणाऱ्या ताराबाई बघत होत्या. "बाई, समदीकडं झाडं लावल्यावर मेंढरं कुठं न्यायची आमी?" आमच्या रिपोर्टात मेंढरांचा उल्लेखही नव्हता. लाज वाटली.

नारायण पेठेतल्या घरी, गॅलरीत त्या झुबक्याला दहा दिवस पाणी घातलं. हिरवे कोंब आले. कंपनीच्या मीटिंगमध्ये मी तो ऐटीत काचेच्या टेबलावर ठेवला. "बघा, मेलेला नव्हता."

"वॉव!" प्रोजेक्ट बघणाऱ्या रिया मॅडम म्हणाल्या. "म्हणजे पाणी दिलं की इथे काहीही येतं! आपण ड्रिप टाकू ना."

माझाच पुरावा माझ्यावर उलटला. साने सर तर मानही डोलावू लागले.

मग माझं डोकं फिरलं. "समुद्रातही झाडं नाहीत. त्यालाही पडीक म्हणायचं का?"

"अहो, कशाला एवढं ताणताय?" साने सर हळूच म्हणाले. "करार रिन्यू करायचाय ना?"

"नका करू."

टेबलावरचा रिपोर्ट ओढून मी 'पडीक' खोडलं. वर लिहिलं, 'नैसर्गिक गवताळ माळ.' खाली लिहिलं, 'इथे दाट झाडं लावणं म्हणजे हा माळ संपवणं. माझा विरोध आहे.' तारीख घातली आणि सही ठोकली.

"घ्या, सही हवी होती ना?"

तज्ज्ञाचा लेखी विरोध बघून बोर्डाने हात आखडता घेतला. झाडं कंपनीच्या पार्किंगभोवती लागली. तिथे सावलीची गरजही होती. ताराबाईंची मेंढरं माळावरच चरतात. माझा करार अर्थातच वाढला नाही.

एवढं मात्र शिकले. पुरावा दाखवला की माणसं त्यातून आपल्याला हवं तेच काढतात. नकार द्यायचा तर लेखी द्यावा, आणि त्याची झेरॉक्स स्वतःजवळ ठेवावी.