महानंदानं घेतलेलं नाव

उदगीरच्या बसस्थानकामागं गुरुबसप्पाचं दुकान होतं. पाटीवर फोटो, लग्नाचं शूटिंग, झेरॉक्स, बॅनर असं बरंच लिहिलेलं, पण २०१६च्या उन्हाळ्यात त्यातलं बॅनर तेवढं चालत होतं. निम्मे बॅनर पाण्याचे टँकर पाठवणाऱ्या पुढाऱ्यांचे, निम्मे उदगीर जिल्हा झालाच पाहिजे म्हणणाऱ्यांचे, आणि खाली हात जोडलेले चेहरे बहुतेक तेच. गुरुबसप्पा हाताचा पक्का, पण तोंडाचा भारी बोलका. गिऱ्हाइकाला काहीबाही समजावून सांगायची त्याला हौस. आता हौसच ती, तिला कोण आवरणार?

मंगळवारी सकाळी जळकोटहून नीलाबाई आल्या. त्यांनी पिशवीतून खणात गुंडाळलेली डीव्हीडी काढली आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढं धरली. त्यांच्या लेकीचं, महानंदाचं लग्न सात वर्षांमागं गुरुबसप्पानंच शूट केलं होतं. महानंदा पहिल्या बाळंतपणातच गेली. मागं राहिलेली तिची पोर, लीला, नीलाबाईंनी वाढवली. जावयानं आता दुसरं लग्न केलं होतं, आणि गुरुवारी तो लेकीला नांदेडला घेऊन जाणार होता.

"पोरीनं आईचा आवाजच ऐकला न्हाई, भाऊ," नीलाबाई म्हणाल्या. "घरच्या डीव्हीडीच्या डब्यात चकती चालंना झाली. ह्या मोबाइलात घालून द्या. पोरीसंगं मोबाइल धाडते मी."

"एवढंच ना, अक्का? बसा. चहा होईस्तोवर देतो," गुरुबसप्पा म्हणाला.

त्या काळी तो अख्ख्या लग्नावर सिनेमाची गाणी चढवायचा. माणसं काय बोलतात ते ऐकून कुणाला काय करायचंय, असं त्याचं मत होतं. अडीच तासांच्या त्या लग्नात मूळचा आवाज एकाच ठिकाणी ठेवलेला: बायका आग्रह करतात आणि महानंदा नवऱ्याचं नाव घेते तिथं. मोजून अर्धं मिनिट असेल. पोरीला ऐकवायचं ते तेवढंच.

त्यानं चकती कॉम्प्युटरात घातली आणि कॉपी करायला लावली. पट्टी भराभर सरकली आणि बासष्ट टक्क्यांवर थांबली. आतून खर्र खर्र आवाज आला आणि फाइल वाचता येत नाही अशी पाटी पडद्यावर आली. पुन्हा लावलं. पुन्हा बासष्ट.

चकती बाहेर काढून त्यानं उजेडात धरली. चकचकीत बाजूवर गोल गोल बारीक चरे उठले होते, आणि मधल्या भोकाच्या कडेला पांढरी पूड बसली होती.

"अक्का, ही ठेवता कुठं?"

"देवघरात. दुसरीकडं कुठं ठेवू? दर सोमवारी भस्माची तीन बोटं ओढते तिच्यावर. मंगळवारी पदरानं पुसून घेते. पाण्याचा थेंब लागू दिला न्हाई. प्यायलाच कुठं हाय?"

"ह्या चकचकीत बाजूला ओढता?"

"हाव. तुम्हीच सांगितलं व्हतं की. पोरगी ह्या बाजूला हाय, उलट्या बाजूला नुसता कागद. हिला जपा म्हणालात. आजपस्तोर जपली."

सांगितलं होतं खरं. अगदी असंच सांगितलं होतं, चहाचा कप हातात घेऊन, शहाण्यासारखं. फक्त पुसायचं कसं ते सांगायचं राहून गेलं होतं.

दुकानातल्या जारच्या तळाशी दोन ग्लास पाणी उरलं होतं. त्यातला एक त्यानं चकतीवर ओतला. नीलाबाई दचकल्या. चष्म्याच्या मऊ फडक्यानं तो मधून कडेकडं, सरळ पुसत गेला. चौसष्ट टक्के. मग बोटावर टूथपेस्ट घेऊन चरे घासले. त्रेसष्ट. माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली काढला, त्यात चकती घालून अगदी हळू फिरवली. एकाहत्तर. दुपार झाली. नीलाबाईंनी आणलेली भाकरी सोडलीसुद्धा नाही.

"आता किती ऱ्हायलं?" त्या दर खेपेला विचारत.

"करायलोय, अक्का."

"मूळची टेप आसंल की तुमच्याकडं?"

हाच प्रश्न येऊ नये म्हणून तो सकाळपासून त्यांच्याकडं बघत नव्हता. टेप होती. त्याच वर्षी नव्या जिल्ह्यासाठी मोठा मोर्चा निघाला, गडबडीत कोरी टेप मिळेना, म्हणून त्यानं लग्नाच्या टेपवर मोर्चा घेतला. जिल्हा काही झाला नाही. महानंदा मात्र पुसली गेली.

"न्हाई राहिली," तो कसाबसा म्हणाला.

शेवटचा उपाय म्हणून त्यानं वाचता न येणारे तुकडे वगळून बाकीचं उचलणारं सॉफ्टवेअर लावलं. चार वाजता फाइल तयार झाली. दोघं पडद्यापुढं बसले. गाणी वाजली, अक्षता पडल्या, पंगती उठल्या. मग गाणं थांबलं. बायका ओरडल्या, "घे की गं नाव!" महानंदानं पदर सावरला, मान वर केली, ओठ उघडले, आणि चित्र तिथंच थिजलं. आवाज बंद. मग एकदम सगळ्या बायका खळखळून हसल्या आणि पुढचं गाणं लागलं.

"मागं घ्या," नीलाबाई म्हणाल्या. त्यानं घेतलं. पाच वेळा घेतलं. पाचही वेळा नुसतं हसूच आलं.

"तिनं घेतलेलं नाव मला पाठ हाय, भाऊ," त्या म्हणाल्या. "म्हणून दाखवीन मी पोरीला. पन आवाज माझा निघंल."

गुरुबसप्पाला रडू आलं. त्यानं जेवढं निघालं तेवढं मोबाइलात घातलं.

"माझ्या हातून काई झालं का हो?" नीलाबाईंनी विचारलं.

त्यानं भोकाच्या कडेला अजून चिकटलेलं भस्म पाहिलं.

"न्हाई, अक्का. चूक माझी हाय. टेप मी पुसली."

नीलाबाईंनी डीव्हीडी उचलली, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, आणि सवयीनं चकचकीत बाजू गोल गोल पुसायला लागल्या. गुरुबसप्पानं त्यांना थांबवलं नाही.