मास्तरांच्या मापाची सायकल

माझ्या धाकट्या दिरांना सगळेच मास्तर म्हणतात. नव्या माणसाला वाटतं शाळेत शिकवत असतील, पण त्यांचं शिवणाचं दुकान आहे आणि कोट-पँटीत त्यांचा हात धरणारा कोणी नाही. गिऱ्हाईक पायरी चढतं न चढतं तोच मास्तरांनी त्याचं अर्धं माप डोळ्यांनी घेतलेलं असतं. टेप लावतात ती नंतर, त्याच्या समाधानासाठी.

"डावा खांदा अर्धा इंच उतरलाय तुमचा. पिशवी त्याच हातात धरता ना?"

गिऱ्हाईक गोंधळून स्वतःच्या खांद्याकडे बघतं, की लगेच पुढचं वाक्य येतं, "खाली बघायचं नाही. नाक समोर." मान खाली गेली की अख्खं अंग बदलतं आणि माप चुकतं, हे त्यांच्या उस्तादांनी त्यांना पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

हा दिवसभर बसून असणारा माणूस पन्नाशीत सायकलवर चढला. परगावी बदली झालेल्या एका गिऱ्हाइकानं जाताना आपली जुनी रेसची सायकल देऊन टाकली होती. बोटभर रुंदीची टायरं, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, आणि बसणाऱ्याला तिच्यावर जवळजवळ पालथंच पडावं लागे. मला वाटलं होतं, महिन्याभरात ती दोरीवरच्या कपड्यांना टेकू द्यायच्या कामी येईल. पण मास्तर रविवारच्या टोळीत सामील झाले. टोळी म्हणजे सात-आठ जण, बहुतेक त्यांच्याहून लहान. पहाटे निघायचं, साठ-सत्तर किलोमीटर करून परत. दुसऱ्या वर्षी मास्तर चढावर पुढच्या तिघांत असायचे. घरी येऊन सांगताना डोळे असे चमकायचे की माझी जाऊ, म्हणजे आमची धाकटी, हळूच म्हणायची, "ताई, आमच्या लग्नात पण एवढा खूश नव्हता हा माणूस."

मग बोटं बधिर व्हायला लागली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही हातांची. आधी रविवारी दुपारपर्यंत, मग सोमवारीसुद्धा. मास्तरांनी कोणाला सांगितलं नाही. कळलं ते एका कोटाच्या कॉलरला इस्त्री करताना. मी बटणं लावायला मदतीला बसले होते. कसला तरी करपट वास आला, वर बघते तर मास्तरांची करंगळी इस्त्रीला टेकलेली आणि मास्तर शांतपणे कॉलर सरळ करताहेत.

"भाऊजी, बोट!"

त्यांनी बोटाकडे बघितलं. भाजल्यापेक्षा भाजल्याचं कळलं नाही, याचीच त्यांना भीती वाटली, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. कापड सरकवायचं, ताणायचं, शिवणीवर ठेवायचं ते याच बोटांनी. ती गेली तर मास्तर कसले?

डॉक्टरांनी हात वाकवून, टोचून, ठोकून बघितले. म्हणाले, "सगळा भार तळहातावर येतोय, शीर दबतेय. एक तर सायकल सोडा, नाहीतर अंगाला बसणारी घ्या. असंच चालवत राहिलात तर शिवण सोडायची वेळ येईल."

धाकटीचा निकाल तयार होता. "सोडा. नाहीतर ती ताठ बसायची घ्या, पुढे टोपली असते ती."

"टोपली लावून रविवारच्या टोळीबरोबर जाऊ? त्यांची भाजी आणायला?"

"भाजी आणलीत तर उपकारच होतील."

"मला पळणारी हवी," मास्तर म्हणाले. मग जरा थांबून, कमी आवाजात, "आणि हात पण हवेत."

सायकलच्या दुकानात मी आणि धाकटी दोघीही गेलो. एकट्याला पाठवलं असतं तर नुसता रंग बघून घेऊन आले असते. दुकान चालवणारी बाई चाळिशीची, एकेकाळी शर्यतींत उतरलेली, हाताला कायम ग्रीस. तिनं आधी विचारलं, फ्रेम कार्बन की अॅल्युमिनियम?

"अॅल्युमिनियम," मास्तर म्हणाले. "रोज वापरायचं कापड असावं, जपून ठेवायचं नको. पण कडक असते म्हणतात?"

"पूर्वी असायची. आता नळ्या पातळ करतात, हवा तसा आकार देतात. पुढचं चाक धरणारा चिमटा कार्बनचा आहे, तो हादरा खातो. पण काका, खरा आराम टायरमध्ये आणि मापात असतो. रुंद टायर घ्या, हवा थोडी कमी भरा. खराब रस्त्यावर त्यानं वेग कमी होत नाही, उलट वाढतो."

मापात आराम हे ऐकून मास्तर खुलले. आपलंच माणूस भेटल्यासारखे तिच्याकडे बघू लागले.

तिनं दोन सायकली काढल्या. एक लाल, सडपातळ, लांबट. दुसरी राखाडी. पुढची नळी जरा उंच, त्यामुळे हँडल वर आणि जवळ आलेलं. "ही थोडं ताठ बसवते. वेगात मात्र मागे नाही."

"ही म्हाताऱ्यांची आहे," मास्तर म्हणाले.

"तुमचं माप घेऊ, मग ठरवू," म्हणत तिनं टेप उचलली.

मास्तर हसले. "माझं माप? लिहून घ्या." आणि पाढे म्हणावेत तसं उंची, पायाची आतली लांबी, धड, हात, सगळं सांगून टाकलं. तिनं एकदा टेपकडे, एकदा मास्तरांकडे बघितलं. वयाला आणि धंद्याला मान देऊन तिनं टेप बाजूला ठेवली, आणि कागदावरचे आकडे बघून म्हणाली, "यावरून तर लाल बसायला हवी." ट्रायलसाठी रविवारपर्यंत ती नेऊही दिली.

रविवारी मास्तर साडेआठलाच परत आले. टोळी अजून अर्ध्या वाटेवर असणार. सायकल भिंतीला टेकवली आणि दोन्ही हात झटकत पायरीवर बसले.

"तासाभरात गेली बोटं," म्हणाले. "सायकलीत खोट नाही. माप बरोबर, टायर रुंद, सगळं बरोबर. माझेच हात संपलेत." आत जाऊन त्यांनी हेल्मेट कपाटावर टाकलं. आणि सोमवारी दुकानवालीला फोन करून सायकल घेऊन जायला सांगा, असं मला म्हणाले. स्वतः करवत नव्हता.

स्वयंपाकघरात धाकटी बराच वेळ एकच पातेलं घासत होती. मग एकदम म्हणाली, "ताई, यांचे शर्ट बघितलेत तुम्ही?"

बघितले होते. दहा वर्षं बघत होते. मास्तर स्वतःचे शर्ट स्वतःच शिवतात. ते पुढून लांब लोंबतात आणि पाठीवर वर चढतात. गिऱ्हाइकाचा असा शर्ट त्यांनी दाराबाहेर जाऊ दिला नसता. पण मास्तरांना शर्ट बसत नाही, हे मास्तरांना कोण सांगणार?

"ते माप कुठलंय, ठाऊक आहे?" धाकटी म्हणाली. "लग्नाच्या कोटाचं. यांच्या उस्तादांनी घेतलेलं. मापाच्या वहीचं पहिलं पान. कंबर तेवढी वाढवत जातात, बाकी तेच. परवा दुकानात तेच धडाधड म्हणून दाखवलं."

अठ्ठावीस वर्षं. मशिनवर ओणवं बसून त्यातली किती वर्षं गेली असतील, त्याचा हिशोब आम्ही दोघींनी केला नाही. धाकटीनं हात पुसले आणि सरळ पुढच्या खोलीत गेली. मी मागोमाग.

मास्तर आरशासमोर उभे होते, गळ्यात टेप. म्हणजे शंका त्यांनाही आली होती. टेपचं एक टोक हनुवटीखाली धरायचे, दुसरं कमरेला लावायचे, आकडा बघायला मान खाली घालायचे, की टेप ढिली. पुन्हा लावायचे. प्रत्येक वेळी वेगळा आकडा.

"द्या इकडे," धाकटी म्हणाली.

"तुला जमणार नाही."

"अठ्ठावीस वर्षं ऐकतेय मी पलीकडच्या खोलीतून. नाक समोर!"

मास्तरांनी खरंच नाक समोर केलं. आणि सवयीनं, फोटोला उभं राहतात तशी, छाती पुढे काढली.

"श्वास सोडा. रोज जसे असता तसे उभे राहा."

"मी रोज असाच असतो."

"मी रोज बघते तुम्हाला."

त्यांनी श्वास सोडला. खांदे खाली आले, पाठ हळूहळू तिच्या जागी गेली. धाकटी आकडे सांगत गेली, मी लिहीत गेले. पाय तेवढे जुन्या मापाचे. उंची एक इंच कमी. पुढून गळा ते कंबर जवळजवळ दोन इंच कमी. उजवा खांदा अर्धा इंच उतरलेला, तो कात्री चालवून.

मास्तरांनी कागद घेतला आणि उजेडात धरून वाचला. पुन्हा वरपासून वाचला. धाकटीनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. उगाच केलं की काय, असं वाटायला लागलं.

"हा माणूस दुकानात आला असता," ते शेवटी म्हणाले, "तर दारातच ओळखला असता मी."

"रोज येतो की आरशात," धाकटी म्हणाली. "तुम्ही त्याची नुसती दाढी करून देता."

मास्तर हसले. खरं सांगायचं तर आधी डोळे पुसले, मग हसले. त्या दिवशी त्यांनी आणखी एक गोष्ट केली. धाकटीचा हात धरून तो टेपसकट थोडा वेळ तसाच ठेवला. मी लगेच गॅसवर काहीतरी ठेवलंय असं म्हणून आत गेले. गॅसवर काही नव्हतं.

सोमवारी मास्तर स्वतः दुकानात गेले, तो कागद घेऊन. दुकानवालीनं आकडे वाचले.

"हे कोणाचं माप?"

"माझं. आधीचं माझ्या लग्नातलं होतं."

तिनं हसू दाबायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग राखाडीच काढली, फ्रेम एक नंबर लहान. हँडलचा दांडा आखूड लावला, सीट जरा पुढे घेतली. मास्तरांना बसवून कोपराकडे बोट दाखवलं. "कोपर मऊ राहतंय बघा. लाल सायकलवर तुम्ही हात ताणून हँडलवर रेलत होता. म्हणून भार हातावर." मास्तर तिच्या एकेका स्क्रूकडे असे बघत होते, जसं नवं गिऱ्हाईक त्यांच्या खडूच्या रेघांकडे बघतं. काही सुचवायला तोंड उघडायचे आणि मिटायचे.

"वेग?" एवढंच विचारलं.

"ताठ बसलात तर वारा थोडा जास्त लागेल. पण हात दुखले की माणूस थांबतो, काका. न थांबणारा शेवटी पुढे असतो."

पुढच्या रविवारी नऊ वाजले, दहा वाजले. धाकटी तीनदा फाटकापर्यंत जाऊन आली. इथून जवळच कुठेतरी हात झटकत बसले असतील, असं तिच्या मनात होतं. माझ्याही. साडेदहाला मास्तर आले. चेहरा लाल, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, आणि सायकलवरून उतरायच्या आधीच बोलायला सुरुवात.

"तो पुलापलीकडचा चढ माहितीये? तिथला रस्ता उखडलाय पूर्ण. सगळे खडीवरून थडथड करत चाललेत, टायर वाचवत. मी मधून काढली! नुसती सूऽऽ करून वर! आमच्या टोळीतला तो दातांचा डॉक्टर ओरडतोय मागून, मास्तर थांबा, मास्तर थांबा. मी कशाला थांबतोय? वर जाऊन पाणी प्यायलो, अर्धी बाटली संपली, तेव्हा त्यांच्यातला पहिला आला. आणि उतारावर तर..."

"अहो, हात?" धाकटीनं मधेच विचारलं.

"कसले हात?"

"हात! बोटं! बधिर झाली का?"

मास्तर थांबले. हँडलवरचे दोन्ही हात उचलून त्यांनी डोळ्यांसमोर धरले, उलटे केले, सुलटे केले. करंगळ्या हलवून बघितल्या. पाच तासांत त्यांची आठवणच झाली नव्हती, हे त्यांना आत्ता, आमच्यासमोर, कळत होतं.

"आहेत," ते म्हणाले. आणि लगेच, "तर उतारावर काय झालं, ऐका ना वहिनी..."