यात बाथरूमला कसं जायचं?

माझी वहिनी शिवलेल्या नऊवारी करते. म्हणजे नेसायची खटपट नाही. सलवारीसारखी पायात घालायची, कमरेला हुक लावायचा, पदर खांद्यावर टाकायचा, झालं. दादा फौजेत आहे, त्यामुळे दर तीन-चार वर्षांनी बदली ठरलेली. शिलाई मशीन नव्या गावी सोबत येतं, गिऱ्हाईक मात्र मागेच राहतं. जरा नाव व्हायला लागलं की बदलीचा हुकूम आलाच म्हणून समजा. दिल्ली कँटमध्ये राहायला आली तेव्हा ती कंटाळून म्हणाली, "वन्सं, आता नाही हो जमायचं. पुढच्या बदलीला मशीन विकूनच टाकणार." मी तिच्याहून लहान असले तरी ती मला वन्सं म्हणते आणि अहो-जाहो करते, मी तिला सरळ एकेरीत बोलते. आमच्याकडे तशीच रीत आहे.

मशीन विकायची भाषा ऐकून माझं डोकंच फिरलं. मी गुरुग्रामला जाहिरात कंपनीत काम करते. साबणापासून सिमेंटपर्यंत सगळं विकून झालंय, आणि माझ्याच घरातल्या बाईने गिऱ्हाईक टिकत नाही म्हणून हात टेकायचे?

"तू फक्त शिव," मी म्हटलं, "बाकी मी बघते."

लगेच कामाला लागले. ऑफिसातल्या एका उंच पंजाबी मुलीला जांभळी नऊवारी घातली, नथ चढवली आणि जुन्या मकबऱ्यांच्या बागेत उभं केलं. कोवळं ऊन, मागे दगडी कमान. फोटो असे झकास आले की मीच माझ्यावर खूश. खाली ओळ टाकली, 'परंपरेचा नवा डौल', आणि दिल्ली-एनसीआरमधल्या मराठी बायकांच्या ऑनलाइन ग्रुपवर ते फोटो लावले.

चार-दोन बदाम आले. मग फरिदाबादच्या एका बाईची कमेंट आली : 'छान आहे. पण यात बाथरूमला कसं जायचं?'

माझा असा संताप झाला! एवढी कमान, एवढं ऊन, आणि हिला बाथरूम सुचतंय. मी ती कमेंट उडवणार तेवढ्यात नोएडाच्या एकीने लिहिलं की बहिणीच्या लग्नात ती दिवसभर पाण्याचा घोट न घेता बसली होती. तिसरी म्हणाली, मी तर जेवलेसुद्धा नाही. कुणाचा पदर ओल्या फरशीवर लोळला होता, कुणाला दोन मावश्या धरायला लागल्या होत्या. लग्नात नथ सावरत हसणाऱ्या या सगळ्या जणी मनात हेच घेऊन बसल्या होत्या तर! माझ्या फोटोंबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढेना.

मी फणकारत फोन वहिनीपुढे धरला. ती वाचत गेली आणि हसायलाच लागली.

"पुसू नका काही, वन्सं. काय शिवायचं ते सांगतायत त्या मला."

पुढे जे झालं ते बघताना माझी झोप उडाली. गुरुग्रामच्या एका इंजिनिअर बाईने फोनवर बोटाने चित्र काढून टाकलं : पदर कमरेपाशी वेगळा करायचा आणि टिचबटणांनी जोडायचा. लगेच खाली वाद. टिचबटणं नाचताना सुटतील. मग हुक लावा. हुक टोचतो हो! वहिनीने दोन्ही करून पाहिलं, फोटो टाकले, ग्रुपवर मतदान घेतलं. टिचबटणं जिंकली. मग कुणीतरी खिसा मागितला, निऱ्यांच्या आत, मोबाइल मावेल एवढा. आमच्या ऑफिसात आधी वस्तू तयार होते, मग आम्ही तिच्यावर गोड वाक्य चिकटवतो, आणि गिऱ्हाईक येतं सगळ्यात शेवटी. इथे गिऱ्हाईकच पहिल्यापासून कात्री घेऊन बसलं होतं! मला मीटिंगमध्ये लक्ष लागेना. टेबलाखाली फोन धरून मी कमेंटी वाचत बसायचे.

नवी नऊवारी तयार झाली तेव्हा ग्रुपने फर्मावलं, फोटो नकोत, लाइव्ह दाखवा. दादाचा चेहरा उतरला.

"युनिटमधल्या कुणी बघितलं म्हणजे?"

"बघू देत की," वहिनी म्हणाली. "त्यांच्याच बायका विचारतायत."

शेवटी फोन दादानेच धरला, सावधानमध्ये उभं राहून, जराही न हलवता. वहिनीने आतून लेगिंग घालून वर नऊवारी चढवली होती. ती मांडी घालून बसली, उठली, पलंगाच्या कडेवर स्कूटीवर बसतात तशी बसली. मग पदर सोडवून दाराच्या खुंटीला अडकवला आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "आता जा बिनधास्त. आल्यावर परत लावायचा." स्क्रीनवर बदामच बदाम. तेवढ्यात शेजारच्या क्वार्टरमधल्या हरियाणवी भाभी दार ढकलून आत आल्या. "अरे यार, ये पॉकेट वाली मुझे भी चाहिए, बिल्कुल यही!" तेही लाइव्ह गेलं. मी आनंदाने अक्षरशः ओरडत होते. माझ्या एकाही जाहिरातीने मला असं नाचवलं नव्हतं.

बंगळुरू, इंदूर, पार कॅनडाहून मागण्या यायला लागल्या. मापं व्हिडिओ कॉलवर घ्यायची. तिकडे नवरा टेप धरायचा आणि इकडून वहिनी ओरडायची, "दाजी, सैल धरा, श्वास घेऊ द्या तिला!" नऊवारी मिळाली की बायका आपापले व्हिडिओ टाकायच्या. एक मेट्रोचा जिना धावत उतरत होती, एक ढोल वाजवत होती. यातलं काहीही मी सुचवलेलं नव्हतं. जाहिरातीचं काम माझ्या हातून कधी सुटलं कळलं नाही, आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटलं नाही.

आणि मग बदली आली. ईशान्येकडे, डोंगरात. मी ऑफिसातून थेट कँटला गेले. वहिनी मशीनवर हात ठेवून बसली होती. "सांगायला तर हवं त्यांना," म्हणाली आणि तिने स्वतःच लिहिलं : 'आमची बदली झाली आहे. सामान लागेपर्यंत महिनाभर काम बंद राहील. आजवर साथ दिलीत, आभारी आहे.' टाकलं आणि फोन उपडा ठेवला.

"भाभी मशीन विकत घेते म्हणतायत," ती हळूच म्हणाली.

फोन वाजायला लागला. मीच उचलून तिच्या हातात दिला. पहिली कमेंट होती, 'चालेल, मग माझी पुढच्या महिन्यात धरा.' दुसरी, 'बाळ लहान आहे माझं. अंगावर पाजता येईल अशी नऊवारी होईल का?' त्याखाली इंजिनिअर बाईचं चित्र आलंसुद्धा होतं, आणि चित्राखाली भांडण सुरू झालं होतं. बदली कुठे झाली, हे एकीनेही विचारलं नव्हतं. कुणी हळहळलं नव्हतं. निरोपाचा एक शब्द नव्हता.

वहिनीने सगळं वाचलं, वर जाऊन पुन्हा वाचलं.

"वन्सं, मी चाललेय हे कळलेलंच नाही का हो यांना?"

"कळलंय. पण त्यांच्यापासून तू कुठे चाललीयस?"

तिने डोळे पुसले, नाक ओढलं आणि आतल्या खोलीत सामान बांधणाऱ्या दादाला हाक मारली, "अहो, मशीनची पेटी ट्रकमध्ये सगळ्यात शेवटी चढवा. तिकडे पहिली तीच उतरली पाहिजे."