माझ्या नंबरची गाडी

माझ्या गाडीची किल्ली शोरूमच्या मॅनेजरनं माझ्याच हातावर ठेवली आणि म्हणाला, "साहेबांना मुलुंडला सोड. सांभाळून चालव, नवी गाडी आहे."

साहेब म्हणजे मुलुंडचे एक वकील. त्यांना गाडी चालवता येत नव्हती. मागचं दार कुणी उघडेल म्हणून ते उभे होते. मी उघडलं. अकरा वर्षं दुसऱ्यांसाठी दारं उघडत आलो होतो, हात आपोआप गेला. त्या हाताची मला आजही लाज वाटते.

घाटकोपरच्या त्या शोरूममध्ये मी त्याच्या अडीच वर्षं आधी नंबर लावला होता. कोकणातल्या महारवाड्यातून आलेला माणूस मी. चेंबूरच्या एका शेठची गाडी चालवायचो. माझ्या नावावर टॅक्सीचं परमिट निघालं होतं. पण त्या काळी नवी गाडी मागितली की मिळत नसे. यादी असे, आणि यादीत नुसतं थांबायचं. परमिटची मुदत मी दोनदा वाढवून घेतली होती. तिसऱ्यांदा वाढणार नाही, असं कचेरीत स्पष्ट सांगितलं होतं. गाडी आली नाही तर परमिट रद्द, आणि मी जन्मभर दुसऱ्याचा ड्रायव्हर.

दर महिन्याला चौकशीला जायचो. गिऱ्हाइकांसाठी खुर्च्या होत्या. मला कुणी बस म्हटलं नाही, आणि मीही बसलो नाही. कधी सुटे भाग बोटीत अडकलेले असत, कधी टायर नसत. एकदा मॅनेजर म्हणाला, कारखान्यात संप आहे. तो बोलत असतानाच मागच्या दारानं एक कोरी गाडी बाहेर पडली. मी ती पाहिली. मी पाहिल्याचं त्यानंही पाहिलं.

मग एक दिवस कार्ड आलं. गाडी आली आहे, घेऊन जा. माझ्या बायकोनं, जनानं, ते कार्ड दोन रात्री उशाशी ठेवलं. आम्ही भांडुपला, आग्रा रोडला लागून असलेल्या चाळीत राहत होतो. गाडी आणतील ती इकडूनच, आधी ओवाळणार आणि मग मागच्या सीटवर बसणार, असं तिनं सगळ्या चाळीला सांगून ठेवलं. नवरा अकरा वर्षं मोटार चालवत होता, पण ती एकदाही मोटारीत बसली नव्हती.

शोरूमला पोचलो तर हे वकील कागदांवर सह्या करत होते. मी म्हटलं, ही माझ्या नंबरची गाडी. मॅनेजर म्हणाला, कार्ड क्लार्कनं चुकून टाकलं. मग नोंदवही काढून त्यानं माझ्या सहीवर बोट ठेवलं.

"सही तुझीच ना? नावापुढे काय लिहिलंयस?"

ड्रायव्हर लिहिलं होतं.

माझी शाळा दुसरीत सुटली. सही करायला शिकलो ती शेठच्या गाडीच्या वहीत. रोज नाव, आणि नावापुढे ड्रायव्हर. मला वाटायचं, सही म्हणजे हे दोन्ही मिळून. नंबर लावतानाही तीच केली.

"ड्रायव्हरनं नोंदवलेली गाडी मालकाची असते," मॅनेजर म्हणाला. "मालकाच्या नावाची जागा रिकामी होती. भरली."

मग बाजूला घेऊन त्यानं मला समजावलं. तमाशा केलास तर पुढचीही जाईल, आत्ता साहेबांना सोडून ये, नंतर बघू. आणि मी किल्ली घेतली. बसलो. चालवली.

विक्रोळी गेलं, कांजूर गेलं. भांडुप जवळ आलं तसा मी वेग वाढवला. पण जना रस्त्यावरच उभी होती. ठेवणीतलं लुगडं, हातात ताट, मागे चाळीतल्या बायका. मला ओळखून ती सरळ गाडीपुढे आली. ब्रेक लावावाच लागला. मागे कुणी बसलंय हे तिच्या ध्यानातच आलं नाही. तिनं गाडीला ओवाळलं, बॉनेटवर कुंकू लावलं आणि माझ्या खिडकीशी येऊन म्हणाली, "अवो, दार उघडा ना. बसू मी?"

मागून आवाज आला, "ड्रायव्हर, कोण ही बाई? ते आधी पुसून टाक."

जनाचं हसू लगेच गेलं नाही. तिला कळायला थोडा वेळ लागला. तेवढा वेळ मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. त्याहून वाईट मी आयुष्यात काही पाहिलेलं नाही.

माझा हात फडक्यासाठी सीटखाली गेलासुद्धा. मग मी तो ओढून घेतला आणि खाली उतरलो.

"पुसणार नाही," मी म्हटलं. "ही माझी बायको आहे. आणि ही गाडी माझ्या नंबरची आहे."

वकील शांतपणे म्हणाले, कागद दाखव. कागद माझ्याकडे नव्हता. मी किल्ली त्यांच्या मांडीवर ठेवली आणि घराकडे चालू लागलो. त्यांना गाडीसकट रस्त्यातच सोडलं. जना ताट घेऊन मागोमाग आली. त्या दिवशी आमच्याकडे चूल पेटली नाही. दोघंही रडलो.

चार दिवसांनी मॅनेजरनं बोलावलं. या वेळी बस म्हणाला. नंबर खरंच रिकामा होता का, अशी चौकशी वकिलांनी सुरू केली होती, म्हणून आवाज नरम होता. त्यानं एक कागद पुढे सरकवला. माझा नंबर मी राजीखुशीनं सोडला, असं त्यावर लिहिलेलं. सही कर, महिन्याच्या आत गाडी देतो, तुझं परमिट वाचेल, म्हणाला. पहिल्यांदाच तो खरं बोलत होता. गाडी काढणं त्याच्या हातात होतं.

मी विचारलं, "मला देणार ती गाडी कुणाच्या नंबरची?"

"तुला काय करायचंय?"

मी सही केली नाही. महिना उलटला, परमिट रद्द झालं. मी अजून दुसऱ्यांच्याच गाड्या चालवतो, आणि जना अजून मोटारीत बसलेली नाही. हे मी सांगतो. सगळ्यांना सांगतो. गेलं ते माझ्याकडून काढून घेतलेलं आहे. राजीखुशीनं मी काहीही सोडलेलं नाही, आणि सोडणारही नाही.